ओकची थप्पी

"तुझं लाकूड फुसफुसतंय रे," पोस्टमन म्हणाला.

तो वखारीच्या फाटकात उभा होता. निवृत्त होऊन आठ वर्षं झाली तरी अंगात खात्याचाच कोट, कोपरांवर ठिगळं लावलेला. आबा करवतीच्या पात्याला तेल लावत होते. त्यांनी मान वर केली नाही.

"फुसफुसतंय म्हणजे?"

"म्हणजे शेगडीत घातलं की टोकातून फेस येतो नि चुईं चुईं आवाज येतो. जळायचं सोडून रडत बसतं. मी हिला म्हटलं, अगं, आबाचं लाकूड आहे, चाळीस वर्षांत कधी तक्रार नाही. तर म्हणते, निदान विचारून तरी या."

आबांनी तेलाचा बोळा खाली ठेवला. चार पावलांवर त्यांची लेक एका गिऱ्हाइकाची हातगाडी भरत होती. तिचे हात मध्येच थांबले होते.

"शेगडी गार असेल तुझी," आबा म्हणाले. "आधी चांगली तापू दे, मग घाल. ओक आहे तो. पाइनसारखा भसकन पेट घेत नाही."

"असं म्हणतोस?"

"म्हणजे काय! जन्म गेला माझा यात."

"झालं तर मग." पोस्टमनचा चेहरा मोकळा झाला. "तेच सांगतो हिला. तू म्हणालास की आमच्याकडे तो कायदा." आणि पत्रं वाटून झाल्यावर जायचा तशा झपझप चालीनं तो निघून गेला.

लेकीचे हात पुन्हा चालू झाले. आबांनी मात्र बोळा बराच वेळ उचलला नाही. टोकातून येणारा फेस म्हणजे पाणी. दुसरं काही नसतं ते. शेगडी गार असो की लाल झालेली असो.

हे त्यांना पोस्टमननं सांगायची गरजच नव्हती. ओकची ती थप्पी विकायला काढली त्या दिवशीच त्यांनी तिच्यातल्या दोन जाडजूड ढलप्या उचलून एकमेकींवर आपटल्या होत्या. वाळलेलं लाकूड टण्णकन वाजतं. या ढलप्या भिजलेल्या पुठ्ठ्यासारख्या वाजल्या. हातालाही जड लागल्या. आबांनी त्या गुपचूप होत्या तिथे परत ठेवल्या होत्या.

याचं कारण तीन वर्षांपूर्वीचं होतं.

नवरा वारल्यावर लेक माहेरी परत आली ती रडत बसायला नाही. आठ दिवसांत तिनं वखारीची किल्ली मागून घेतली. मग शहरातल्या कुठल्याशा दोन दिवसांच्या शिबिराला जाऊन आली आणि येताना जळणाच्या लाकडावरची एक छापील पुस्तिका आणि ओलावा मोजायचं एक मीटर घेऊन आली. मीटर मुठीत मावण्याएवढं, पुढे दोन सुया. सुया लाकडात टोचायच्या की काचेवर आकडा उमटायचा. वीसच्या आत असला की लाकूड कोरडं.

"हे आता लाकडाला ताप आला का बघणार होय?" आबा म्हणाले होते, आणि पोस्टमन डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसला होता.

पुस्तिकेत लिहिलं होतं, थप्पी सगळीकडून झाकू नका, फक्त वरून झाका, बाजूनं वारा खेळू द्या. आबांनी जन्मभर थप्पी प्लास्टिकनं गळ्यापर्यंत गुंडाळलेली. पैज लागली. एक थप्पी लेकीची, एक आबांची. हिवाळ्याच्या तोंडाशी उघडून पाहिलं तर आबांच्या लाकडावर पांढरी बुरशी आली होती आणि लेकीचं लाकूड खडखडीत. दुसऱ्या वर्षी बर्चवरून झालं. आबांचं म्हणणं, दोन वर्षं सालीसकट ठेवल्याशिवाय बर्चला हात लावायचा नाही. पुस्तिकेचं म्हणणं, फोडा आणि एका उन्हाळ्यात वापरा. आबांचा बर्च वर्षभरातच सालीच्या आत कुजून भुसा झाला. लेकीचा चुरचुर जळला.

लेक त्यांना एक शब्द बोलली नाही. तेच त्यांना जास्त लागलं. गिऱ्हाइकं मात्र बोलली. "आबा, आता पोरीकडून शिका जरा," असं हसत हसत चौघांनी तरी म्हटलं. त्यानंतर लाकूड हातात घेतलं की आबांचा हात पूर्वीसारखा ठामपणे काही सांगेना. सांगितलं तरी आबांना ते खरं वाटेना.

मग ओक आला. पुस्तिकेच्या तक्त्यात लिहिलं होतं, कठीण लाकूड, फोडल्यापासून सहा महिने. ओकला दोन उन्हाळे लागतात हे आबांना आपल्या नावाइतकं ठाऊक होतं, आणि या दरीत तर नक्कीच, कारण दुपारी दोन वाजता ऊन डोंगराआड जातं. तो तक्ता लिहिणाऱ्यानं ही दरी कधी पाहिलीच नव्हती. पण सात महिने झाले, लेकीनं ढलपीच्या कापलेल्या टोकात सुया टोचल्या, आणि आनंदानं हाक मारली, "बाबा, एकोणीस!"

आबा म्हणाले, "असेल."

पोस्टमन येऊन गेला त्याला पंधरा दिवस झाले. वहिनी, म्हणजे पोस्टमनची बायको, खुब्याचं हाड मोडल्यापासून अंथरुणावरच होत्या. त्या दिवशी जेवणं झाल्यावर पोस्टमन त्यांचं औषध आणायला बाजारात निघाला. त्या गारठू नयेत म्हणून खिडक्या घट्ट लावल्या, शेगडी लाकडांनी भरली, हवेची झडप ओढून आच मंद केली. औषधाच्या दुकानात रांग होती. परत यायला दोन तास लागले.

खोलीत धूरसुद्धा फारसा नव्हता. वहिनी कुशीवर निजल्या होत्या. पोस्टमननं आधी औषधाची बाटली उशाशी ठेवली, कोट खुंटीला लावला, त्यांच्यासाठी पाणी ओतलं. मग हाक मारली.

धुराडी साफ करणारा आला. त्यानं शेगडीतून धुराड्याकडे जाणाऱ्या नळीचा कोपरा उघडून दाखवला. आत डांबरासारखा काळा, चकचकीत थर साचला होता. मधोमध करंगळी जाईल एवढीच वाट उरलेली. "ओल्या लाकडाची काजळी आहे ही," तो दारात जमलेल्या माणसांना म्हणाला. "एवढी चिकट बऱ्याच वर्षांत पाहिली नव्हती. वाट बुजली की विषारी वायू खोलीतच साचतो, त्याला ना रंग ना वास." आबा त्या माणसांच्या मागच्या बाजूला उभे होते. ते आत गेलेच नाहीत.

मातीला सगळा गाव होता. पोस्टमन प्रत्येकाला आपण होऊन सांगत होता, "मला वाटलं झोपलीय."

त्यानंतर तीन दिवसांनी, संध्याकाळी, लेक स्वयंपाकघरात पुस्तिका उघडून बसलेली आबांना दिसली. तिच्यासमोरचं ताट तसंच होतं.

"बाबा, पान सतरा," ती म्हणाली. "मोजताना ढलपी मधोमध फोडावी आणि आतल्या बाजूला सुया टोचाव्यात. टोक आधी वाळतं, तिथला आकडा खरा नसतो. लिहिलेलं आहे इथे. अगदी बारीक अक्षरात आहे, पण आहे. मी तक्ता पाहिला आणि पुस्तक मिटलं."

आबा बाकावर बसले.

"मी मघाशी एक फोडून पाहिली," ती पुढे म्हणाली. "छत्तीस आला."

"मला न फोडता माहीत होतं."

तिनं पुस्तकातून मान वर केली. "काय माहीत होतं?"

"ओली आहे ते. काढली त्याच दिवशी. वाजवून बघितली होती."

"पण काका विचारायला आले तेव्हा तुम्ही म्हणालात, शेगडी गार असेल."

"हो."

"माझ्या मनात तेव्हा शंका आली होती बाबा. पण तुम्ही म्हणालात म्हणून मी निर्धास्त झाले. म्हटलं, यांना कळतं." तिचा आवाज चढला नव्हता. "मला एकदा बोलायचं होतंत. आरडाओरडा करायचा होतात. नाहीतर इतर वेळी काय कमी बोलता!"

दोनदा तोंडावर पडलो होतो, तिसऱ्यांदा लोकांनी हसू नये म्हणून गप्प बसलो, हे आबा कुठल्या तोंडानं सांगणार? लेक उठली, ताट झाकून ठेवलं आणि भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. तिचे खांदे हलताना आबांनी पाहिले. उठून जवळ जावं असं वाटलं, पण ते गेले नाहीत.

चौकशी गावच्या कचेरीत झाली. चौकशीचे साहेब माणूस म्हणून वाईट नव्हते. घरातला मृत्यू, कागद पुरा करायला हवा, एवढंच त्यांचं काम. टेबलाच्या एका बाजूला आबा आणि लेक. भिंतीलगतच्या बाकावर पोस्टमन, दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून.

"लाकूड फोडून सात महिने झालेले," साहेबांनी वखारीच्या नोंदवहीतून वाचलं. "मीटरचा आकडा एकोणीस. पुस्तिकेच्या तक्त्यानुसार कोरडं. म्हणजे धुराडी साफ करणारा काहीही म्हणो, कागदावर लाकडाचा प्रश्न मिटला. आता नळी. शेगडी चालू असताना नळी महिन्यातून एकदा झाडायची असते, तसं पत्रक आपण घरोघर दिलेलं आहे. तुम्ही झाडली होती?"

"नाही," पोस्टमन म्हणाला. "वर्षातून एकदाच झाडतो. आजवर तेवढं पुरायचं."

"मग मला 'घरमालकाचा निष्काळजीपणा' असं लिहावं लागेल. तुमची हरकत?"

पोस्टमननं थोडा विचार केल्यासारखं केलं. "नाही," तो म्हणाला. "लिहा. माझंच चुकलं."

साहेबांनी पेनाचं टोपण काढलं आणि आबा उठून उभे राहिले.

"साहेब, लिहू नका ते."

बरोबर आणलेल्या गोणत्यातून त्यांनी त्याच थप्पीतली एक ढलपी काढली, कुऱ्हाड काढली. साहेब दचकलेच. "इथे नाही हो!" तेव्हा सगळे बाहेर आले. कचेरीच्या दगडी पायरीवर आबांनी ढलपी उभी केली आणि एका घावात तिचे दोन भाग केले. आतलं लाकूड गर्द, ओलसर. आंबट वास आला. लेकीनं पुढे होऊन, गुडघे टेकून, आतल्या बाजूला सुया टोचल्या. आकडा तिनंच मोठ्यानं वाचला.

"पस्तीस."

"टोकाला मोजायचं नसतं," ती साहेबांना म्हणाली. "पुस्तकात होतं. मी नीट वाचलं नाही."

"तिचं राहू द्या," आबा म्हणाले. "तिला माहीत नव्हतं. मला होतं. लाकूड हातात घेतलं तेव्हाच कळलं होतं."

"मग विकलंत कसं?" साहेबांनी विचारलं.

"माझं हसं होईल म्हणून बोललो नाही." आबांनी एक श्वास घेतला. पुढचं त्यांनी साहेबांकडे बघून सांगितलं नाही. "आणि हा मला विचारायला आला होता. लाकूड फुसफुसतंय म्हणाला. त्याची बायको म्हणाली होती, विचारून या. मी खोटं सांगितलं."

पोस्टमन पायरीच्या वरच्या बाजूला उभा होता. त्यानं आबांकडे पाहिलं. रागानं पाहिलं असतं तर आबांना सोसलं असतं. एखाद्या पाकिटावरचा पत्ता लागेना की तो ते डोळ्यांशी धरून जसा बघायचा, तसा तो बघत होता.

"तेव्हा तुला माहीत होतं?" त्यानं विचारलं.

"होतं."

"बरं," पोस्टमन म्हणाला. मग कोटाची बटणं लावून तो रस्त्याला लागला. आज चाल झपझप नव्हती.

साहेबांनी तो कागद फाडून नवा घेतला. आबांनी सांगितलं तसं लिहिलं, वाचून दाखवलं, आबांनी सही केली. वखारीला त्या हंगामापुरतं टाळं लागलं.

टाळं लागायच्या आदल्या दिवशी बाप-लेकीनं हातगाडी बाहेर काढली. ओक ज्या ज्या घरी गेला होता, तिथून तो परत आणायचा आणि बदल्यात घरामागची स्वतःसाठी राखलेली जुनी, खडखडीत थप्पी वाटायची. बावीस घरं होती. कुणी दारातच बोललं, कुणी बोललं नाही. एका घरी बाईंनी मुलांना आत घेतलं आणि लेकीच्या तोंडावर दार लावलं. लेकीनं लाकडं ओसरीवरूनच उचलली. दिवसभरात ती दोघं एकमेकांशी "धर", "सोड", "सांभाळून" याच्यापलीकडे बोलली नाहीत. अकरावं घर होईपर्यंत त्यांची स्वतःची थप्पी संपत आली, म्हणून पुढच्या घरांना थोडी थोडीच दिली; पोस्टमनच्या वाट्याची तेवढी आधीच बाजूला काढली होती. उरलेला हिवाळा काढायला त्यांच्या स्वतःकडे काहीच राहिलं नव्हतं.

पोस्टमनचं घर आबांनी शेवटी ठेवलं होतं. तिथे ते एकटेच गेले.

धुराड्यातून धूर नव्हता. दार बंद होतं. आबांनी वाजवलं नाही. कोरडी लाकडं त्यांनी ओसरीच्या उजव्या बाजूला नीट रचली आणि डाव्या बाजूची ओली एकेक करून गाडीत टाकू लागले. आवाज होऊ नये म्हणून प्रत्येक ढलपी हळू ठेवत होते, तरी व्हायचा तो झालाच. मागं दार उघडलं. आबा वळले नाहीत.

शेवटची एक ढलपी पायरीखाली घरंगळून गेली होती. आबा खाली वाकले, मग बसले, खांदा पायरीला टेकवून हात आत घातला. बोटं लागत होती, पण पकड येत नव्हती. तिसऱ्यांदा प्रयत्न केला तेव्हा त्यांना धाप लागली.

पोस्टमन पायऱ्या उतरून आला. कोट अंगात, बटणं लावलेली. तो पलीकडच्या बाजूनं वाकला, ढलपी बाहेर ओढली आणि गाडीत इतर लाकडांवर ठेवली. हात कोटाला पुसले.

"झाली ना सगळी?" त्यानं विचारलं.

"झाली."

पोस्टमननं मान हलवली, पायऱ्या चढून आत गेला आणि दार लावून घेतलं. आतून कडी लागल्याचा आवाज आला. आबांनी गाडीचे दांडे उचलले. गाडी जड होती, आणि रस्ता चढाचा.