बंकट मास्तरांचा बाक

मी एक जुना बाक आहे. फुटबॉलच्या मैदानाकडेला राखीव खेळाडूंसाठी असतो, तो. मला तीन फळ्या होत्या, आता दोनच आहेत. त्यामुळे माझी गोष्टही मधोमध तुटलेली आहे. मित्रांनो, सांभाळून बसा.

पहिली फळी

मी बाभळीचा. बीड जिल्ह्यातल्या एका सहकारी साखर कारखान्यावर, उसाच्या मोडक्या बैलगाड्यांच्या लाकडातून सुतारानं मला जोडलं. कारखान्याचा फुटबॉल संघ होता आणि बंकट मास्तर त्याचे मॅनेजर होते. ते माझ्या डाव्या टोकाला बसायचे.

कारखान्यात गावांचे गट असतात आणि प्रत्येक गटाचा एक संचालक असतो. मंडळींनी संघही तसाच केला होता. पाटोदा गटाचा एक खेळाडू, नेकनूर गटाचा एक, पाली गटाचा एक. अकरा गट, अकरा खेळाडू. मागे राहून गोल राखायला कुणी तयार नसे, कारण मागे राहणं म्हणजे गटाचा अपमान. आम्ही दरवर्षी हरायचो आणि दरवर्षी सगळ्यांचा सत्कार व्हायचा.

मग दुष्काळ पडला. ऊस वाळला. कारखान्याचा भोंगा मुका झाला. मैदानावर काडी उरली नाही, तरी सारजाबाई आपली मेंढरं तिथूनच हाकायच्या. एकदा त्यांचा तरणा मुलगा म्हाळू बुजलेल्या मेंढीमागे असा धावला, की मास्तर माझ्यावरून उठून उभे राहिले.

"ह्याला संघात द्या," ते सारजाबाईंना म्हणाले.

"न्या की. पर आमच्याकडं ऊस न्हाई, मास्तर. आमचा गट कोनता सांगताल?"

"पायाचा."

म्हाळू खेळू लागला आणि आम्ही जिंकू लागलो. त्याच्यासाठी जागा करायला पाटोदा गटाचा बद्रीनाथ बाहेर आला. तो कारखान्याचे चेअरमन विठ्ठलराव यांचा भाचा. तो माझ्या मधल्या फळीवर बसला. मित्रांनो, इतका रुसलेला माणूस फार जड असतो.

मधली फळी

ही आता नाही. अंतिम सामन्याचं सगळं तिला ठाऊक होतं. तिच्याकडून जे ऐकलं, तेवढं सांगतो.

सामन्याआधी विठ्ठलराव आले.

"बंकटराव, भाचा बाकावर कावून?"

"पळत न्हाई म्हनून."

"निवडणूक तोंडावर हाय. मेंढक्याचं पोरगं पळतंय अन् सभासदाचं बसलंय. लई वाईट दिसतंय."

"जिंकल्यावर बरं दिसंल."

"अन् हरलात तर?"

"तर मी हरलो. गटाचं नाव न्हाई घ्यायचं."

धूळ. शिट्टी. धूळ.

मध्यंतरापर्यंत बरोबरी. पाहुण्यांचे सत्कार मैदानाच्या मधोमध. खेळाडू उन्हात उभे.

समोरच्या संघाचा एक गोल.

शेवटी म्हाळूचा फटका. खांबावर.

टण्ण.

हरलो.

आमच्याकडे माणसाला काढायचं असेल तर शिव्या देत नाहीत, शाल देतात. त्याच संध्याकाळी ध्वनिक्षेपकावरून बंकटरावांच्या प्रदीर्घ सेवेचा गौरव झाला. विठ्ठलरावांनी त्यांच्या खांद्यावर शाल घातली, हातात नारळ दिला आणि नव्या मॅनेजरचं नाव पुकारलं.

"मास्तर, आपन जिंकलो का?" म्हाळूनं गोंधळून विचारलं.

"भर उन्हाळ्यात शाल मिळाली की समजून घ्यायचं बे."

मग मास्तर माझ्यापाशी आले. त्यांनी तो नारळ माझ्या कडेवर आपटून फोडला. माझी पहिली फळी चिरली. पाणी माझ्यावरून ओघळलं. त्या उन्हाळ्यात मला मिळालेलं तेवढंच पाणी. त्यांनी खोबऱ्याचे तुकडे केले. पहिला तुकडा बद्रीनाथला दिला, दुसरा म्हाळूला.

"चेअरमनसाहेब, तुमीबी घ्या," ते मोठ्यानं म्हणाले. "का गटाप्रमानं वाटू?"

लोक हसले. विठ्ठलराव हसले नाहीत.

शेवटची फळी

नव्या मॅनेजरनं म्हाळूचं नाव काढलं आणि अकरा गट पुन्हा भरले. माझ्यावर नारळ फुटला होता, म्हणून मला गोदामामागे टाकलं. तिथे राखणदारानं चहासाठी माझी मधली फळी जाळली. मी रडलो नाही. बाभूळ लवकर रडत नाही. चुलीत ती तडतडली, तेव्हा राखणदार दोनदा मागे सरकला. मला बरं वाटलं.

एका सकाळी ट्रॅक्टर आला. ट्रॅक्टर विठ्ठलरावांचा होता, चालवत होता बद्रीनाथ. त्यानं मला उचलून मागे टाकलं आणि सरळ पालीजवळच्या बिंदुसरा धरणावर नेलं. धरण आटून त्याचा तळ सपाट, कडक झाला होता. तिथे बंकट मास्तर फुटबॉल शिकवत होते. म्हाळू होता, मेंढपाळवस्तीची पोरं होती, खडी फोडून आलेले गडी होते. कुणाच्या अंगावर एकसारखा सदरा नव्हता. मास्तरांची शाल मात्र होती. तिच्या फाडून केलेल्या पट्ट्या निम्म्यांच्या दंडाला बांधल्या होत्या, संघ ओळखू यावा म्हणून.

"मास्तर, बाक आनलाय," बद्रीनाथ म्हणाला. "अन् त्यावर बसनाराबी."

"मामा काय म्हनंल?"

"म्हनू द्या. खरं सांगा, मी कवा उतरायचं?"

"म्हाळूच्या मागं पळ. त्याला गाठलंस की उतर."

तो रोज पळतो. अजून गाठलेलं नाही. पण आता माझ्यावर बसतो तेव्हा हलका लागतो.

मित्रांनो, पाऊस आला की हे मैदान बुडेल. बुडू दे. पाणी सगळ्यांनाच हवं आहे, मलाही. एकदा हटवलं म्हणून मी संपलो नाही, पुन्हा हटवलंत तरी संपणार नाही. मला रंग लावू नका. चीर बुजवू नका, ती नारळाची आहे. मधली फळी मिळाली तर बसवा, लाकूड कुठल्या गावचं ते विचारू नका.

आणि पाणी चढू लागलं की मला काठावर न्या. चौघांनी मिळून उचला. एकट्यानं ओढलं की पाय निखळतो.

शाल घातली त्या संध्याकाळी मास्तरांना कुणी उचलून धरलं नव्हतं. मला तरी उचला.