तिसऱ्या पट्टीचं वजन

आमचं काम ऐकलं की लोक हसतात. लोखंडाच्या पट्ट्या तोलायच्या, गावच्या विहिरीत नव्वद दिवस लोंबकळत सोडायच्या, वर काढून तेजाबात गंज धुवायचा आणि पुन्हा तोलायच्या. जेवढं वजन घटलं, तेवढं पाण्यानं लोखंड खाल्लं. त्यावरून ठरायचं, त्या गावात साधा लोखंडी पाइप टिकेल की नाही. हसा, हसा!

एकाहत्तर साल सरताना धुळ्याकडच्या एका गावच्या पट्ट्या जळगावात माझ्या टेबलावर आल्या. ते माझ्या बहिणीचं, लिलाबाईचं सासर. अख्ख्या गावाला पिण्याची विहीर एकच, तीही गावाबाहेर. साधे पाइप येऊन पडले होते. अहवाल चांगला गेला की उन्हाळ्याआधी नळ.

पहिल्या दोन पट्ट्या जवळजवळ होत्या तेवढ्याच भरल्या. तिसरी दोन ग्रॅम कमी! पुन्हा तोलली, पुन्हा तेच. माझं डोकंच फिरलं.

"ती सोडा हो पितांबरराव," साहेब म्हणाले. "दोन्हींवर अहवाल द्या. आजच."

सहीसाठी पेन काढलं आणि परत खिशात घातलं. दोन दिवस घास गोड लागेना. तिसऱ्या दिवशी एस.टी. पकडली.

विहिरीवर नळासाठी आधीच बसवलेलं इंजिन सांभाळणारा भिकन मला बघून खूश झाला. "नाना, खंडेनवमीला हत्यारांबरोबर तुमच्या पट्ट्याबी पुजल्या. बघतो तर गंज! सरकारी लोखंड, उद्या माझ्यावर आलं म्हणजे? मग दर शनवारी पुसून तेल लावलं. तिसरीची दोरी तुटून ती तळाला गेलती, शेवटी गळ टाकून काढली. तिची तेवढी सेवा राहिली बघा."

हसावं की त्याच्या थोबाडीत द्यावी, कळेना. अरे बाबा, गंजायलाच ठेवल्या होत्या त्या!

लिलाला सगळं सांगितलं. तिनं चहाची बशी खाली ठेवली. "भाऊ, सही करून टाक."

"अगं, तीन वर्षांत चाळण होईल पाइपाची. मग दुसरा कोण देणार?"

"तीन वर्षं तरी माझ्या डोक्यावरचा हंडा उतरेल ना!"

मी सही केली नाही. 'चाचणी पुन्हा घ्यावी' असं लिहिलं. साहेब भडकले आणि ते पाइप दुसऱ्या गावी गेले. भिकनला शपथ घालून नव्या पट्ट्या सोडल्या. चैत्रात काढल्या, तर तिन्ही दोन-दोन ग्रॅम कमी. माझंच खरं निघालं, तेव्हा मी ऑफिसात सगळ्यांना पेढे वाटले.

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आमच्याकडे सासुरवाशीण माहेरी येतेच. आईनं लिंबाला झोका बांधला होता. मी स्टँडवर दोन गाड्या पाहिल्या. तिसरीतून भिकन उतरला, एकटाच.

"अक्का नाही येणार, नाना. विहिरीचं पाणी खोल गेलं, एकेक हंडा शेंदायला येळ लागतो. बठ्ठं गाव, बाया-पोरं सगळी, रात्रंदिवस रांगेत शे."

"काही निरोप?"

तो खाली बघायला लागला. "म्हणाल्या, भाऊला म्हणावं, काटा घेऊन ये. माझं किती घटलं, तेबी तोलून जा."