आरशासारखी जमीन

"लाकडी जमीन म्हणजे घराचा आरसा असतो, सासूबाई! याच तुम्ही बघायला," असं जावईबापूंनी फोनवर ठणकावून सांगितलं. फोन ठेवून वळले तोच त्यांचा मोजा त्या आरशात अडकून टरकन फाटला.

नव्या जमिनीला पॉलिश त्यांनी स्वतःच केलं होतं. ते लवकर वाळावं म्हणून पंखा फुल्ल सोडला, आणि पंख्यावरची जुनी धूळ ओल्या पॉलिशवर कायमची मुक्कामाला आली. आता सगळी जमीन खरखरीत. 'आमच्या जावयाला साधा खिळा ठोकता येत नाही' हे सासूबाईंचं मत खोडायची एकुलती एक संधी हातची चालली होती.

शेवटी त्यांनी सुताराला बोलावलं. "काचपेपर मारून वरून एक हात देतो," असं म्हणून तो पिशवी उघडतोय, तेवढ्यात सासूबाई दारात हजर. चपला काढून त्यांनी आत पाऊल टाकलं आणि थबकल्या. पाऊल पुढे घासलं, मागे घासलं. जावईबापू मनात सबब जुळवू लागले.

"जन्मात पहिल्यांदा काहीतरी उपयोगाचं केलंत हो!" असं म्हणत सासूबाईंनी भिंतीला हात टेकला आणि मन लावून टाच घासायला घेतली.

सुतार काचपेपर घेऊन वाकला. "आजी, जरा सरकता का?"

"थांब रे बाबा, डावी टाच राहिलीय."