निळा धूर कुणाचा?

बेकरीवाल्या मावशींनी स्कूटर गॅरेजच्या दारात उभी केली, हेल्मेट काढलं आणि सरळ तोंड सोडलं. "इंजिन नवं केलंत म्हणता आणि मागून निळा धूर? आता पावांना काय धुरी देऊन विकू?"

बाबांनी मान वर न करताच सांगून टाकलं, "पोरीने बांधलंय ते. पिस्टनच्या रिंगा उलट्या बसवल्या असणार."

झालं! भिंगरीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. असणार? असणार म्हणजे काय? न उघडता, न ऐकता? तिच्या खांद्यावरचं दप्तर अजून उतरलं नव्हतं आणि इकडे निकाल लावून मोकळे! हे तिने एकटीने बांधलेलं पहिलं इंजिन. अख्खी सुट्टी त्यात घातली होती, नखांतलं काळं निघता निघत नव्हतं.

"उलट्या नाहीत," ती म्हणाली.

"निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय. मग ते कोण पितंय, मी? हे बघ, चूक तुझी निघाली तर उद्यापासून पान्याला हात लावायचा नाही. पार्ट धुवायचे, बस्स."

शेजारच्या टायरवाल्या काकांना आयतीच करमणूक. पाण्यात ट्यूब दाबत ते म्हणाले, "भिंगरे, रिंगा बोटात घालतात ना गं?"

"काका, त्या ट्यूबपेक्षा तुमच्या तोंडातूनच जास्त हवा जाते!"

मावशी फिसकन हसल्या आणि स्टुलावर बसल्या. म्हणजे प्रेक्षकही आले. उत्तम! बघा म्हणावं सगळ्यांनी.

तिने किक मारली. जरा वेळ मंद चालू ठेवून मग अॅक्सिलरेटर पिळायचा. तेव्हा धुराचा एकच भपका येऊन थांबला, तर दोष वरच्या व्हॉल्व्हच्या सीलांचा. ती मनातल्या मनात सीलांना विनवत होती, तुम्हीच फुटा रे. पण कसलं काय! जितकं पिळावं तितका धूर, थांबायचं नाव नाही. तिने प्लग काढून तिथे प्रेशरचं मीटर लावलं, किका मारल्या. काटा अर्ध्यातच बसला. सिलिंडरमध्ये चमचाभर ऑइल ओतून पुन्हा मारल्या, तर काटा टुणकन वर. ऑइलने फट बुजली. म्हणजे गळती रिंगांपाशीच.

"बघ!" बाबा म्हणाले. "मी काय सांगत होतो?"

तिला रडू येत होतं आणि रडू येतंय याचाच जास्त राग येत होता. दात-ओठ खात तिने इंजिन खोललं. हेड उतरवलं, सिलिंडर ओढून काढला. रिंगांवरची खूण वर. तिन्ही रिंगांची तोंडं तीन दिशांना. सगळं जिथल्या तिथे!

"या, बघा! उलट्या कुठेत? दाखवा ना!"

बाबांनी चष्मा लावला, उतरवला, पुन्हा लावला.

मग तिने सिलिंडर उजेडात धरला. आतल्या भिंतीवर तिने बारीक तिरप्या रेघा पाडून घेतल्या होत्या. त्याच खरबरीत भिंतीवर घासून नव्या रिंगा नीट बसतात. आता तिथे रेघ म्हणून नव्हती. भिंत आरशासारखी गुळगुळीत, वर तपकिरी थर. भाजलेलं ऑइल. पण हे होतं इंजिन बिनओझ्याचं तासन्‌तास चालवलं तर. कुणी चालवलं?

"मावशी, गाडी नुसती चालू करून उभी ठेवत होतात का?"

"मी? मला पाव पोचवायचे असतात, बाई. कालच तर नेली इथून."

"अगं, उभी इथेच असायची!" टायरवाले काका म्हणाले. "तू शाळेत गेलीस की तुझे बाबा ती स्टँडवर लावून द्यायचे. दुपारपर्यंत घरघर, घरघर! माझं डोकं उठायचं."



भिंगरी हळूच वळली. "बाबा?"

"नव्या इंजिनाला जपावं लागतं," बाबा पुटपुटले. "आम्हाला असंच शिकवलंय. आधी स्टँडवर लाडाने चालवायचं."

"लाडाने? ओझंच नाही तर आत दाब कुठून येणार? दाब नाही तर रिंगा भिंतीला चिकटणार कशा? त्या नुसत्या लोळत होत्या आत! आणि मला विचारलंतसुद्धा नाही!"

"अगं, तुझं पहिलं इंजिन, म्हणून..."

"म्हणून चोरून? आणि वर नाव माझं?" तिचा आवाज फाटला. "मघाशी मोठ्याने बोललात ना? आता हेही मोठ्याने बोला. मावशींना सांगा."

बाबांनी हात पुसले. मग पुसलेलेच हात पुन्हा पुसले. "बांधणी बरोबर होती," ते जमिनीकडे बघत म्हणाले.

"ऐकू नाही आलं."

"हिची बांधणी बरोबर होती, ताई! घाण मी केली. झालं समाधान?"

नव्हतं झालं. अजिबात नाही. पण पाना तिच्याच हातात होता.

"मी भिंतीवर परत रेघा पाडते. नव्या रिंगा तुम्ही आणा, आत्ताच्या आत्ता. आणि बांधून झालं की चढावर तुम्हीच पळवायची, मावशींना मागे बसवून."

"मला कशाला गं?" मावशी दचकल्या.

"ओझं हवंय, मावशी."

काकांच्या हातातली ट्यूब पाण्यात पडली. मावशींनी कमरेवर हात ठेवले, पण त्यांनी तोंड उघडायच्या आत बाबा रिंगा आणायला बाहेर पडले होते.