काचेवरचं पिल्लू

कोंबडीचं पिल्लू पुन्हा काचेवरून घसरलं, तेव्हा डेल्फिनाने ते ओंजळीत झेललं आणि परत शवपेटीवर ठेवलं. ते लगेच पसरलेल्या तांदळाकडे वळलं आणि दाणे टिपू लागलं. टक, टक. काचेखाली तिबो निजला होता. अंगात त्याचा एकुलता एक इस्त्रीचा सदरा होता आणि कपाळावरची जखम पावडरीने झाकलेली होती.

“हात नको लावूस त्याला,” मयताच्या जागरणाला मांडलेले पत्ते पिसता पिसता चारिंग मावशी म्हणाली. “पडलं तर पडू दे. तू उचलून घेतलंस की तेवढा वेळ मारणाऱ्याला आराम.”

“तेवढ्याने काय आराम मिळणार, मावशी?”

“एका टोचणीचा तरी मिळतोच की! इथे काचेवर चोच आपटली की तिकडे त्याच्या काळजात लागते. झोप येत नाही मेल्याला.”

असं पिल्लू प्रत्येक मयतावर ठेवत नाहीत. ज्याला कोणीतरी मारलं, त्याच्याच पेटीवर ठेवतात. तिबो दारू पिऊन होडीतून पडला, असं पोलिसांनी ठरवून टाकलं होतं. त्यावर वस्ती काही बोलली नाही, तिने फक्त पिल्लू आणून ठेवलं. तिबो दारूला शिवत नव्हता, हे तिथल्या कुत्र्यांनाही ठाऊक होतं. शिंपले वाढवायला त्याने खाडीत रोवलेले बांबू उपटायला समुद्र बुजवणाऱ्या भराव कंपनीची मोठी बोट आली. तो आपली होडी मध्ये घालून उभा राहिला आणि बोट थांबली नाही.

डेल्फिना मनिलातल्या एका चर्चच्या अभ्यास केंद्रात काम करायची. गरिबांच्या उंबऱ्यावर बसून ते काय खातात, काय कमावतात, कुठून हाकलले जातात ते ऐकायचं आणि जिथे त्यांना कोणी खुर्ची देत नाही तिथे जाऊन ते सांगायचं, हे तिचं काम. केंद्र चालवणाऱ्या फादर एल्मोंनी एक नियम घातला होता. ज्याचं सांगणं असेल त्याला ते आधी वाचून दाखवायचं, आणि त्याने मान डोलावल्याशिवाय एक शब्दही पुढे न्यायचा नाही. आज भरावाची सुनावणी होती, म्हणून ती सकाळीच इथे आली होती. हा नियम तिला आजवर कधी जड गेला नव्हता. आज मात्र वाटेत दोनदा परत फिरावंसं वाटलं होतं.

“वाच,” पासिता म्हणाली. ती तिबोची बायको. पेटीला खेटून बसली होती, हातात जपमाळ.

डेल्फिनाने वाचायला सुरुवात केली. शिंपल्यांवर किती चुली पेटतात, भरावाचा गाळ आल्यापासून ते कसे काळे पडून मरतात, पोरांच्या अंगावर कसले फोड उठतात. मागे टकटक चालूच होती. तिने आवाज थोडा चढवला. वाचून संपलं.

पासिताने माळेचा एक मणी पुढे ओढला.

“छान झालंय. सगळं खरं आहे. पण तिबो कुठाय?”

डेल्फिनाने कागदाची घडी घातली, उलगडली, पुन्हा घातली.

“ताई, कंपनीचा निरोप आलाय. बोटीचा विषय काढला नाही, तर सगळ्या वस्तीला किनाऱ्यालगत घरं देतील. काढला तर डोंगरापलीकडे पाठवतील. तिथे ना समुद्र, ना काम. फादर एल्मोंनी खूप विचार केला. म्हणाले, गेलेल्याची काळजी देव घेईल, जिवंतांची आपण घ्यायला हवी.”

“तोंड दाबून बुक्क्यांचा मार, दुसरं काय,” चारिंग मावशी पुटपुटली.

“फादर असं म्हणाले,” पासिताने विचारलं. “आणि तू काय म्हणालीस?”

“मी काहीच म्हटलं नाही.”

टक. डेल्फिनाचा हात नकळत छातीशी गेला. तिला विलक्षण लाज वाटली. तिबोने तिला कितीदा तरी होडीतून त्या बांबूंपर्यंत नेलं होतं, आणि ती ओली होऊ नये म्हणून तिच्या पायांखाली स्वतःचा सदरा अंथरला होता.

“त्या घरात बसून मी पोरांना काय सांगू?” पासिता म्हणाली. “तुमचा बाप पिऊन पडला, म्हणून हे छप्पर मिळालं?”

डेल्फिनाने कागद पिशवीत ठेवला. ती उठली. मयताच्या घरचे पाहुण्याला पोचवायला दारापर्यंत येत नाहीत, आभारही मानत नाहीत. त्यामुळे निघणाऱ्याला आपलं आपणच निघावं लागतं.

“बेकरीत थांबून जा गं,” चारिंग मावशीने मागून आठवण केली. “इथून निघून सरळ पुढच्या ठिकाणी गेलीस तर तिबो येईल तुझ्यामागून. पाव घे, दोन शब्द बोल, म्हणजे तिथेच रेंगाळेल. त्या बेकरीवाल्याकडे आता अख्खं कब्रस्तान गोळा झालंय. म्हणून तर मेल्याचा पाव फुगत नाही!”

पत्ते खेळणाऱ्या बायकांत हसू पिकलं. पासिता हसली नाही.

“बेकरीत नको,” ती म्हणाली. “कुठेच थांबू नकोस. इथून सरळ सुनावणीला जा.”

पत्ते थांबले. घरं गेली तर एकट्या पासिताची जाणार नव्हती. डेल्फिनाने चारिंग मावशीकडे पाहिलं. नव्या घरात मारिया मातेचा फोटो कुठे टांगायचा, ते मावशीने कालच ठरवून ठेवलं होतं. मावशीने हातातले पत्ते जुळवून घेतले.

“वरचा मजला देणार होते मेले,” ती शेवटी म्हणाली. “माझे गुडघे गेलेत. मला कुठे जिना चढायचा होता? डाव टाका गं, बघत काय बसलात!”

एकीने पान टाकलं. थोड्या वेळाने दुसरीने टाकलं, मग उरलेल्यांनीही.

पासिता काचेवर वाकली.

“जा हिच्याबरोबर,” ती नवऱ्याला म्हणाली. “आणि तिथे जाऊन लाजत उभा राहू नकोस. खुर्चीवर बस.”

बेकरीतून गरम पावाचा वास येत होता. बेकरीवाल्याने हाकही मारली. डेल्फिना थांबली नाही. प्रवाशांच्या जीपनीत तिने पिशवी मांडीवर घेतली. गाडी भरत गेली, माणसं दाटीवाटीने लोंबकळू लागली, पण तिच्या शेजारी कोणीच बसलं नाही. तिला ओल्या बांबूचा आणि खाऱ्या चिखलाचा वास येत होता. कपड्यांना लागला असेल, असं तिने स्वतःला सांगितलं आणि तरी थोडी सरकून बसली.

फादर एल्मोंचा फोन आला.

“वाचून दाखवलंस?”

“दाखवलं. ताईंनी मान डोलावली नाही.”

डेल्फिनाने पिशवीवरून कागद चाचपला.

“तो कागद मी पुढे नेऊ शकत नाही, फादर. नियम तुमचाच आहे.”

“माझाच आहे,” ते म्हणाले. आवाज थकलेला होता. त्यांनी होही म्हटलं नाही आणि नाहीही.

सभागृह गच्च भरलं होतं. पुढच्या रांगेत कंपनीचा मोठा अधिकारी जांभई दाबत बसला होता. त्याचे डोळे तांबारलेले होते. डेल्फिना कडेच्या दोन मोकळ्या खुर्च्यांपैकी एकीवर बसली आणि घडी घातलेला कागद तिने पिशवीच्या तळाशी सारला. तिचं नाव आता कधीही पुकारलं जाणार होतं.

शिपाई जवळ आला. त्याने शेजारच्या खुर्चीची पाठ धरली.

“ही नेऊ का, बाई? मागे लोक उभे आहेत.”

डेल्फिनाने खुर्चीवर हात ठेवला. बसायची जागा तिच्या तळव्याला गार आणि ओलसर लागली.

“नको,” ती म्हणाली.

“कोणी यायचंय का?”

“आलेत.”