अम्माचा निरोप

माझ्या बायकोचं, श्रीजाचं, पहिलं बाळंतपण रीतीप्रमाणे तिच्या माहेरी, पट्टांबीला झालं. मुलगी झाली, पण तिसऱ्या दिवशी श्रीजा गेली. मुलीच्या टाचेतून तपासणीसाठी रक्त घेतलं होतं. त्या तपासणीच्या कागदावर फोन नंबर माझ्या सासूचा होता.

दहन झाल्यावर मी सासूला म्हणालो, "अम्मा, तुमच्या घरात माझी बायको मेली. पुन्हा तोंड दाखवू नका." मुलीला घेऊन मी त्रिशूरला आलो.

मुलगी दहा दिवसांची असताना अम्मा माझ्या दारात आली. "सुधाकरा, शिव्या मग दे. दवाखान्यातून फोन आलाय, पोरीचं रक्त..."

पोरीला न्यायचा बहाणा असेल, असं वाटून मी तोंडावर दार लावलं. आमच्या भागातली नर्स शोधून तिला माझ्याकडे पाठवायला अम्माला आणखी तीन आठवडे लागले.

नर्स आम्हाला दवाखान्यात घेऊन गेली. तिथल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "थायरॉइड कमी आहे. गोळी दोन आठवड्यांच्या आत सुरू व्हायला हवी होती. मेंदूवर किती परिणाम झालाय, ते ती वाढेल तसं कळेल. आजीने तुम्हाला कळवलं नाही?"

मी मान खाली घातली. नर्स माझ्याकडे बघत राहिली.

"काय ही म्हातारी माणसं!" डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

तेव्हा मला राहवलं नाही. "ती आली होती. मीच ऐकून घेतलं नाही."

त्यांनी गोळ्या लिहून दिल्या. मग म्हणाल्या, "पुढच्या तपासणीला आजींना घेऊन या. हे एकट्याचं काम नाही."

अम्मा येईल की नाही, ठाऊक नाही. विचारायला उद्या पट्टांबीला जातोय.