सहा नावांचा डहाका

डहाका कधी पाहिलात का, मित्रांनो? नसेलच पाहिला. मग या काचेच्या कपाटाजवळ या. मोठ्या डमरूसारखा, कंबरेत बारीक, दोन्ही तोंडांवर बकऱ्याचं चामडं ओढलेला जो म्हातारा आत बसलाय, तो मी. पुढ्यातल्या चिठ्ठीवर 'जुने वाद्य. हात लावू नये' एवढंच लिहिलं आहे. हात लावू नये म्हणे! हातांशिवाय माझं दुसरं काय आयुष्य होतं?

सिंदेवाहीजवळच्या एका गावात, तलावात जाळी टाकून पोट भरणाऱ्या घरात, शिवणीच्या लाकडातून मला कोरलं. घरात सणवार आला की मी खुंटीवरून खाली उतरे. पण लगेच गाणं सुरू होत नसे. वाजवणारा आधी माझ्या चामड्याशी तोंड आणी आणि माझ्यावर हात चालवलेल्या, आता मेलेल्या माणसांची नावं हलक्या आवाजात घेई. एकेका नावाला एकेक ठोका. नाव घेतलं की तो माणूस आत येऊन बसे. खोटं वाटतं? वाटू द्या. त्यांच्या अंगाचा शेवाळाचा वास मला स्पष्ट येई. असे सहा जण होते.

वाजवणारा मेला, की घरच्या माणसाने ही सहाही नावं घ्यायची आणि शेवटी त्याचं नाव जोडायचं. एकही नाव गाळायचं नाही. तोवर मेलेला माणूस दाराबाहेर ताटकळत राहतो.

माझा शेवटचा वाजवणारा लहानू. १९९७ साली चंद्रपूरला जुन्या संगीताच्या दर्दी लोकांचं शिबिर भरलं. भाषणं, कार्यशाळा, संध्याकाळी मैफली. भैयाजी नावाचे निवृत्त मास्तर ते भरवत. माणूस भला, पण सदा घाईत. लहानू मंचावर बसला, माझ्याकडे वाकला आणि भैयाजी पुढे आले.

"लहानूभाऊ, वेळ कमी आहे. डायरेक्ट गाणं घ्या."

"पर नावं घेतल्याबिगर कसं वाजवू जी?"

"ते कॅसेटमंधी येत नाई, भाऊ. नुसती कुजबुज वाटते."

समोर इतकी शिकलेली माणसं. लहानू भिडस्त होता. त्याने नावं सोडली आणि थेट गाणं धरलं. टाळ्या खूप पडल्या. मला मात्र सभागृहाच्या दाराशी सहा जण दिसत होते, न बोलावलेले. मी आयुष्यात इतका कधी घाबरलो नव्हतो.

"त्याईले बाहेर ठेवलं रे मी. आता तुले हात कसा लावू?" एवढंच लहानू मला म्हणाला. मग मला भैयाजींच्या हवाली करून तो रिकाम्या हाताने बसमध्ये चढला. पुढच्याच वर्षी तो तापाने गेला.

त्यानंतरच्या शिबिरात मी सभागृहातल्या या कपाटात होतो. तिथे त्याची एकुलती एक मुलगी वच्छला आली.

"भैयाजी, बाबाचं नाव चढवाचं आहे. खोला हे."

भैयाजींनी कुलूप काढलं. वच्छलाने मला मांडीवर घेतलं. कितीतरी दिवसांनी माणसाचा हात लागला आणि मला रडूच आलं. ती वाकली. "उरकुडा." ठोका. "कवडू." ठोका. "डोमा." ठोका. तिघं आत येऊन बसले. पुढे तिचा हात अडला.

"आमी बायका सैपाकघरात राहत होतो जी. येवढंच आयकू आलं. बाकी तुमच्या कॅसेटमंधी असन ना?"

भैयाजींनी कॅसेट लावली. पहिलाच आवाज गाण्याचा निघाला.

"नावं कुठी आहेत?"

"तवा वेळ नव्हता ना, बाई," भैयाजी म्हणाले आणि खाली बघू लागले.

"नुसतं बाबाचं नाव घ्या ना, काही होत नाई," कुणीतरी सुचवलं.

"आधीच्याईले बाहेर टाकून बाबाले कसं आत बसवू?" वच्छला म्हणाली. तिने मला पदराने पुसलं, कपाटात ठेवलं आणि ती गेली.

मी उरलेली तीन नावं ओरडत होतो, मित्रांनो. पण ठोका पडल्याशिवाय माझा आवाज कुणाला ऐकू जातो? त्या दिवसापासून दाराशी चौघं उभे आहेत. लहानू सगळ्यांत मागे, मान खाली घालून. माणसं भाषणं ऐकायला त्यांच्या अंगातून ये-जा करतात आणि आज गारठा जास्त आहे म्हणतात.

तुमच्याकडे एखादं जुनं वाद्य असेल, तर त्याची धूळ पुसाच. पण त्याआधी, सांगणारं माणूस आहे तोवर, ते कोण कोण वाजवत होतं हे विचारून घ्या. आणि माझं एक काम करा. वच्छलाला जे सांगता आलं नाही, ते तुम्हाला सांगतो. हाताशी जे असेल त्यावर एकेक ठोका द्या आणि मोठ्याने म्हणा: आडकू. मंगरू. झिंगर.

आणि मग, सावकाश, लहानू.